आधी सांग, रक्त कोणाचं?

फोन उघडला की गुड मॉर्निंगच्या फुलांखाली हमखास एखादा जांभळा गोळा आलेला असतो. कुणीतरी मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाइल लावून रक्ताच्या स्लाइडचा फोटो काढलेला असतो, मग तो इतका क्रॉप केलेला की फ्रेममध्ये फक्त एक सेल, आजूबाजूला काही म्हणजे काही नाही, आणि खाली प्रश्न, "ताई ही कोणती सेल? मोनो का?" (सेल म्हणजे पेशी, मोनो म्हणजे मोनोसाइट, पांढऱ्या पेशींतली एक जात.) पाठवणारी पोरं हुशार असतात, नुकतीच व्हेटर्नरी करून बाहेर पडलेली नाहीतर माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमधून आमच्या जनावरांच्या लाइनीत आलेली, आणि बिचाऱ्यांना वाटतं की ताई एवढी वर्षं हेच करतेय म्हणजे बघताक्षणी सांगेल. मी उलट विचारते, रक्त कोणाचं? कुत्रा, मांजर, बकरी, कबुतर? स्लाइडच्या कुठल्या भागातली आहे? शेजारी काय काय होतं? यावर "ओह सॉरी, कॅट" एवढंच येतं, कारण शेजारी काय होतं ते क्रॉप करून फेकूनच दिलेलं असतं.

मला विचाराल तर सेल ओळखणं हा प्रकार मुळात एका सेलचा नाहीच. भिंतीवरच्या चार्टमध्ये प्रत्येक सेल सुटी, मधोमध, छान रंगलेली असते म्हणून तशी सवय लागते. खऱ्या स्लाइडवर निम्म्या सेल चार्टसारख्या असतात आणि बाकीच्या आपल्या मर्जीच्या मालक असतात, त्यांचं नाव त्यांच्या तोंडाकडे बघून कळत नाही, आजूबाजूच्या पन्नास सेल बघून कळतं. आणि त्या पन्नास सेल कशा दिसायला हव्यात हे जनावरावर ठरतं. म्हणून आधी लेबल वाचायचं, मग शंभरच्या लेन्ससाठी स्लाइडवर तेल टाकायचं.

साधं साइझचं घ्या. माणसांच्या लॅबमध्ये एक गोष्ट डोळ्यात बसलेली असते, लाल पेशी साधारण साडेसात मायक्रॉनची, तिच्याशी ताडून बघायचं, लिम्फोसाइट (हीसुद्धा एक पांढरी पेशी) लहान की मोठी, प्लेटलेट नॉर्मल की जायंट. कुत्र्यात हे खपून जातं कारण कुत्र्याची लाल पेशी सातच्या आसपास असते आणि मधला फिकट भागही माणसासारखा छान दिसतो. मांजरात ती साडेपाच-सहावर येते आणि मधला फिकटपणा जवळपास गायबच, त्यामुळे कुत्र्यात जिला बघून आपण स्फेरोसाइट, म्हणजे फिकटपणा हरवलेली गोल गच्च लाल पेशी, म्हणू आणि इम्यूनचा आजार आहे की काय म्हणून डॉक्टरांना फोन लावू, तसल्या पेशी ठणठणीत मांजरात स्लाइडभर असतात. घोडा साडेपाच, गाय पाच-साडेपाच, मेंढी साडेचार, आणि बकरी तर जेमतेम तीन-चार मायक्रॉन. आता बकरीच्या स्लाइडवर एखादी अगदी साधी लिम्फोसाइट तिच्या लाल पेशीशेजारी ठेवून बघा, राक्षस वाटते. बकरी ईदच्या आधी आमच्याकडे बकऱ्यांची सॅम्पल वाढतात आणि दरवर्षी कुणीतरी नवीन मुलगा "मॅडम लार्ज अ‍ॅटिपिकल लिम्फो खूप आहेत" म्हणून घाबऱ्या चेहऱ्याने येतो. लिम्फो काही मोठी झालेली नसते, मोजायची पट्टीच छोटी झालेली असते. पेशी मोजायच्या मशीनचंही तेच होतं, माणसाच्या सेटिंगवर बकरीचं रक्त घातलं तर बिचारं मशीन लाल पेशींनाच प्लेटलेट समजतं आणि असा काही आकडा फेकतं की बकरी जिवंत कशी असा प्रश्न पडावा.

(उंटाच्या लाल पेशी पक्ष्यांसारख्या लांबट अंडाकृती असतात आणि तरी त्यांत न्यूक्लियस, म्हणजे मधलं केंद्रक, नसतो, सस्तन प्राण्यांमध्ये अंडाकृती लाल पेशीवालं तेच एक खानदान आहे, लामा वगैरे त्यातच आले. मुंबईत आता उंटाचं सॅम्पल येणार कुठून, पण परीक्षेत हमखास विचारतात म्हणून सांगितलं.)

ग्रॅन्युलवाल्या, म्हणजे दाणे असलेल्या पांढऱ्या सेलमध्ये तर जनावराचं नाव न वाचता बसलात की गेलात. इओसिनोफिल म्हणजे नारिंगी दाणे, बरोबर, पण कुठल्या आकाराचे? कुत्र्यात दाणे गोल, पण लहान-मोठे, कुठे भरपूर कुठे तुरळक, मध्ये रिकाम्या जागा, कधीकधी दोनचारच दाणे आणि बाकी सगळा फेस. मांजरात बारीक काड्यांसारखे, गच्च. आणि घोड्यात, अहाहा, घोड्याची इओसिनोफिल बघितली नसेल तर एकदा बघाच, फोडलेल्या डाळिंबासारखी दिसते, एवढे मोठे लालबुंद दाणे की न्यूक्लियस कुठेतरी मागे दबलेला असतो. महालक्ष्मीच्या रेसच्या सीझनमध्ये घोड्यांचं काम असतं तेव्हा एखादी अशी सेल दिसली की मी लॅबमधल्या सगळ्यांना हाक मारून दाखवते, कामं पडली तरी चालतील. घोड्याच्या स्लाइडवर लाल पेशी एकावर एक रचून बसलेल्या असतात, रुलो म्हणतो आम्ही, आणि नवीन माणसाला वाटतं अग्लुटिनेशन झालं, म्हणजे पेशी खरोखर एकमेकींना चिकटल्या. घोड्याला ते नॉर्मल आहे, मांजरालाही थोडंफार चालतं. शंका असेल तर एक थेंब सलाइन मिसळून बघायचं, रुलो असेल तर सुटतं, अग्लुटिनेशन असेल तर गठ्ठे तसेच राहतात. घोड्याचा प्लाझ्माही मुळात पिवळा असतो, त्याला कावीळ म्हणू नका हो.

बेसोफिल ही सगळ्यात जास्त हुकणारी सेल. सगळ्यांना गडद जांभळे, न्यूक्लियस झाकून टाकणारे दाणे हवे असतात. घोड्यात, गायीत तसे मिळतात. कुत्र्याच्या बेसोफिलमध्ये मात्र दाणे मोजके, न्यूक्लियस लांबलचक वळत गेलेला, सायटोप्लाझम, म्हणजे न्यूक्लियसभोवतीचा भाग, जरा जांभळट, त्यामुळे मोनो म्हणून मोजली जाते. आणि मांजराची बेसोफिल म्हणजे तर कहर, फिकट करड्या-लव्हेंडर रंगाचे गोल दाणे, पूर्ण सेल भरून, आणि कुणीच तिला बेसो म्हणायला तयार नसतं. त्यात क्विक स्टेनने, म्हणजे झटपट रंगाने, रंगवलं असेल तर बेसोचे दाणे कधीकधी नीट रंग धरतच नाहीत. क्विक स्टेन वाईट नाही, मीही रोज वापरते, पाच मिनिटांत रिपोर्ट हवा असतो तेव्हा दुसरं काय करणार, पण बेसोचा संशय असेल तर दुसरी स्लाइड लिशमनने करावी. लिशमनसाहेबांनी हा स्टेन १९०१ साली काढला आणि आपल्याकडच्या लॅबमध्ये तो अजून रोज चालतो, थोडा वेळ खातो, पण न्यूक्लियसचे बारकावे जे दिसतात त्याला तोड नाही.

आता मूळ भांडण, जे त्या क्रॉप केलेल्या फोटोंपैकी निम्म्या फोटोंमध्ये असतं. मोनोसाइट, बँड न्यूट्रोफिल आणि रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फो. न्यूट्रोफिल म्हणजे इन्फेक्शनशी लढणारी पांढरी पेशी, बँड ही त्याची कच्ची अवस्था, आणि रिअॅक्टिव्ह म्हणजे कामाला लागलेली लिम्फो. कुत्रा आजारी असला, गर्भाशयात पू झालाय, पायोमेट्रा म्हणतात तो, किंवा कुठेतरी मोठं इन्फेक्शन आहे, की न्यूट्रोफिल घाईघाईने बाहेर पडतात, अर्धवट पिकलेले, न्यूक्लियस वळलेला पण त्याचे तुकडे पडलेले नाहीत, वरून टॉक्सिक बदल, म्हणजे सायटोप्लाझम निळसर होतं, फेसाळतं, त्यात करड्या-निळ्या ठिपक्यांसारख्या डोले बॉडीज. आता निळसर सायटोप्लाझम आणि वळलेला न्यूक्लियस म्हटलं की पुस्तकातला मोनो तोच ना? इथेच सगळे पडतात. मग रिपोर्टवर मोनोसाइटोसिस, म्हणजे मोनो वाढलेत, असं जातं आणि लेफ्ट शिफ्ट, म्हणजे कच्चे न्यूट्रोफिल वाढलेत ही जी खरी बातमी होती, ती राहूनच जाते. ऑपरेशन आज रात्री करायचं की उद्या बघू म्हणायचं, हे त्या एका ओळीवर ठरत असतं.

हे कसं सोडवायचं तर त्याच स्लाइडवर आधी एक असा न्यूट्रोफिल शोधायचा ज्याच्याबद्दल कुणाचंच दुमत नाही, चांगला तीन-चार भागांचा. त्याचं क्रोमॅटिन, म्हणजे न्यूक्लियसच्या आतली नक्षी, कसं आहे बघायचं, गडद गाठी आणि मध्ये मोकळ्या फटी. त्याच्या सायटोप्लाझमचा रंग बघायचा. स्लाइड टॉक्सिक असेल तर हा पिकलेलाही थोडा निळाच असेल. मग संशयितावर परत यायचं. क्रोमॅटिन तसंच गाठीगाठीचं आणि न्यूक्लियसच्या कडा साधारण समांतर, तर तो बँड, सायटोप्लाझम कितीही निळं असो. क्रोमॅटिन सैल, विणल्यासारखं, सायटोप्लाझम पिकलेल्या न्यूट्रोफिलपेक्षा स्पष्ट जास्त करडं आणि सेलही आडवी पसरलेली, तर मोनो. मोनोच्या न्यूक्लियसचा आकार मात्र विसरून जा, तो कसलाही असतो, राजमा, फुलपाखरू, गोल, तीन भागांचा, नुसत्या आकारावरून मोनो ओळखणारा अजून मला भेटायचाय. मांजरात एक आणखी लोचा, चांगल्या मांजरातही थोड्या डोले बॉडीज दिसतात, त्यामुळे तेवढ्यावर टॉक्सिक लिहायचं नाही, पण कुत्र्यात दिसल्या तर लिहायचंच.

लिम्फोचं म्हणाल तर गुरांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. कुत्र्या-मांजराच्या स्लाइडवर न्यूट्रोफिलांचं राज्य असतं, गाय-म्हशीत उलटं, पूर्ण वाढलेल्या जनावरात लिम्फो जास्त आणि न्यूट्रो कमी, साधारण दोनास एक. आणि लिम्फोही एकासारखी दुसरी नाही, कुठे मोठी, कुठे न्यूक्लियसला खाच, कुठे गुलाबी दाणे. गोरेगावकडच्या तबेल्यातलं म्हशीचं सॅम्पल घेऊन माणूस उभा असतो, "मॅडम जल्दी देखो, दूध कमी झालंय," आणि कुत्र्यांच्या स्लाइडवर तयार झालेला डोळा म्हणतो ल्युकेमिया! थांबा जरा. म्हशीचं नॉर्मल काय ते आधी आठवा.

लाल पेशीतही तेच. अ‍ॅनिमिया आहे, शरीर नवीन पेशी बनवतंय का हे बघायचं असतं, कुत्र्यात त्यासाठी पॉलिक्रोमेशिया शोधतो, जरा मोठ्या, निळसर-जांभळट लाल पेशी. गाय-बकरीत पेशींत बारीक निळे ठिपके दिसले तर तोही नवीन पेशी बनत असल्याचा पुरावा, आनंदाची गोष्ट. तेच ठिपके कुत्र्यात दिसले आणि अ‍ॅनिमिया तेवढा नसला तर शिशाच्या विषबाधेचा विचार करावा लागतो, जुना रंग खरवडलेलं घर, बॅटऱ्यांचं काम, असलं काहीतरी विचारायचं. आणि घोडा कितीही रक्त गेलं तरी कच्च्या पेशी बाहेर सोडतच नाही, त्यामुळे घोड्याच्या स्लाइडवर पॉलिक्रोमेशिया शोधत बसलात तर संध्याकाळची लोकल चुकेल.

न्यूक्लियस असलेली लाल पेशी, एनआरबीसी, आणि लहान लिम्फो यांचा घोळही रोजचा. एनआरबीसीचा न्यूक्लियस काळाकुट्ट, गोल, आत काही नक्षी नाही, आणि भोवतीचं सायटोप्लाझम शेजारच्या लाल पेशींच्याच रंगाचं किंवा थोडं निळसर. लिम्फोमध्ये सायटोप्लाझमची नुसती बारीक कडा आणि ती निळी. हे वेगळं काढावंच लागतं कारण बरीच मशीन एनआरबीसीला पांढरी पेशी म्हणून मोजतात. मशीनने २०,००० दाखवले आणि शंभर पांढऱ्या पेशी मोजताना तुम्हाला शंभर एनआरबीसी दिसल्या तर खऱ्या पांढऱ्या पेशी १०,०००च. एक इन्फेक्शनवाला रिपोर्ट, दुसरा नॉर्मल, फरक फक्त स्लाइड बघितली की नाही एवढाच.

आणि मशीनवरून आठवलं, मांजराच्या प्लेटलेट्स. मुंबईत डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द आजीबाईंनासुद्धा माहीत झालाय, त्यामुळे मांजराच्या सीबीसीवर प्लेटलेट २८,००० बघितले की मालक हादरतात, पपईच्या पानांचा रस देऊ का विचारतात (देऊ नका). मागे दादरहून एक बाई तसाच रिपोर्ट घेऊन आल्या, दुसरीकडे केलेला, बोका छान खातपित होता, मांडीवरून उतरून माझ्या टेबलाचा वास घेत फिरत होता. म्हटलं नवीन रक्त राहू दे, त्याच ट्यूबची स्लाइड बघू. दहाच्या ऑब्जेक्टिव्ह लेन्सवर स्मिअरच्या, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थराच्या, टेलला, निमुळत्या टोकाला, गेले आणि तिथे ढीगच्या ढीग, जांभळ्या रंगाचे गठ्ठे, एकेका गठ्ठ्यात पन्नास-साठ प्लेटलेट असतील, काही तर लाल पेशीएवढ्या मोठ्या. मांजराच्या प्लेटलेट्सना चिकटायला कारण लागत नाही, रक्त काढताना सुई दोनदा फिरवली तरी पुरे, मग मशीन गठ्ठ्याला एक तर मोजत नाही नाहीतर पांढरी पेशी समजतं. म्हणून रिपोर्टवर "क्लम्प्स दिसतात, प्रत्यक्ष संख्या पुरेशी वाटते" असं लिहून दिलं. बोक्याला काही झालेलं नव्हतं.

ज्यांना आकडाच हवा असतो त्यांच्यासाठी ठोकताळा आहे, शंभरच्या ऑब्जेक्टिव्हवर दहा फील्डमध्ये प्लेटलेट मोजायच्या, सरासरी काढायची आणि साधारण १५,०००ने गुणायचं. कुत्र्याचं सरासरी दहा आलं तर दीड लाख. पण हे गठ्ठे नसतील तरच, आणि बरोबर जागी मोजलं तरच. बरोबर जागा म्हणजे टेलच्या थोडं मागे, जिथे लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात पण चढत नाहीत. त्याच्याही मागे गेलात तर गर्दीत मोनोचं लिम्फो होतं, आणि अगदी टोकाला गेलात तर सगळ्या लाल पेशी सपाट होऊन मधला फिकटपणा जातो, मग कुत्राही मांजरासारखा दिसायला लागतो. टोक मात्र सोडायचं नाही, कारण मोठ्या सेल, गठ्ठे, मायक्रोफायलेरिया म्हणजे जंतांची रक्तातली पिल्लं, सगळं तिकडेच ढकललं जातं. डोळ्यात तेल घालून बघावं म्हणतात, आमच्याकडे तेल लेन्सवर असतं पण आधी कोरड्या दहाच्या लेन्सने टेल बघितल्याशिवाय मी ते टाकू देत नाही.

परजीवींचं तर वेगळं पान होईल, पण सेल ओळखण्यात ते मध्ये येतातच. यांतले बरेच गोचिडांतून येतात आणि आपल्याकडे गोचिडांचा सीझन असा नसतो, बाराही महिने असतात, सोसायटीच्या जिन्यात, भिंतींच्या फटीत. एर्लिकिया नावाचा जंतू मोनोसाइटच्या सायटोप्लाझममध्ये बारीक ठिपक्यांचा पुंजका करून बसतो आणि क्वचितच दिसतो, दिसला तर लॉटरी, न दिसला तर नाही असं म्हणायचं नाही. बबेसिया गिब्सोनी हा परजीवी लाल पेशीत एवढासा, बारीक रिंग, वर्णन पहिल्यांदा १९१० मध्ये झालं तेही मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत, म्हणजे हा आपल्याच मातीतला. कानाच्या टोकाला टोचून काढलेल्या थेंबात तो जास्त सापडतो, शिरेच्या रक्तात हुकतो. पण माझा आवडता म्हणजे हेपॅटोझून, यातसुद्धा पहिलं वर्णन भारतातलंच, १९०५ सालचं, जेम्सने केलेलं. न्यूट्रोफिल बघताना एकदम असं वाटतं की सेलच्या मधोमध कुणीतरी खोडरबर फिरवलंय, लांबट, फिकट निळसर, धारदार कडेचा तुकडा, आणि न्यूट्रोफिलचा न्यूक्लियस एका बाजूला चेपलेला. एकदा बघितलं की जन्मात विसरत नाही. आणि गोचीड चावल्याने नाही, कुत्र्याने गोचीड चावून गिळली की होतो हा, हे मालकांना सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

परजीवी शोधताना सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे स्टेनचा कचरा. फोकस वर-खाली करा, कचरा सेलच्या वरच्या पातळीवर चमकतो, सेल स्पष्ट तेव्हा तो धूसर, आणि तो सेलच्या बाहेरही सांडलेला असतो. परजीवी सेलसोबत फोकसमध्ये येतो. मोबाइलच्या फोटोत फोकस फिरवता येत नाही, म्हणून "ताई हे अ‍ॅनाप्लाझ्मा का" (तोही रक्तातला एक जंतू) या प्रश्नाला मी फोटोवर उत्तर देत नाही, कितीही गोड बोललात तरी.

आणि आता पावसाळा. जूनपासून चार महिने मुंबईत स्मिअर वाळतच नाही. स्मिअर हवेत झटकन वाळला पाहिजे, हळू वाळला तर लाल पेशी आकसतात, काटे येतात. त्यात रंगवण्याआधी स्मिअर पक्का, म्हणजे फिक्स, करायच्या मिथेनॉलची बाटली उघडी राहिली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी शिरलेल्या मिथेनॉलमध्ये फिक्स केलं की लाल पेशीत चमकणारी, कुरतडल्यासारखी भोकं पडतात आणि कुणीतरी त्यांना बबेसिया म्हणतं. आम्ही साधा केस वाळवायचा ड्रायर ठेवलाय, गार हवेवर, आणि मिथेनॉल छोट्या बाटलीत काढून घेतो. डोंबिवली, वसईकडून सॅम्पल बर्फाच्या डब्यात लोकलने येतं, पावसात गाड्या रखडल्या की सकाळचं रक्त संध्याकाळी हातात पडतं आणि तोवर ईडीटीएत, म्हणजे ट्यूबमधल्या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात, मोनोला भोकं पडलेली, न्यूट्रोफिल फुगलेले, मांजराच्या लाल पेशीवरचा हिमोमायकोप्लाझ्मा हा जंतू सुटून गेलेला. म्हणून क्लिनिकवाल्यांच्या मागे लागते की बाबांनो ट्यूबसोबत दोन वाळलेल्या स्लाइड तिथेच करून पाठवा. पाठवतात, पण बायोप्सीच्या फॉर्मलिनच्या डबीसोबत एकाच पिशवीत! फॉर्मलिनच्या नुसत्या वाफेने स्मिअर हिरवट-निळा होतो, कितीही स्टेन करा, काही दिसत नाही. आणि फिक्स न केलेली स्लाइड रात्रभर टेबलावर ठेवू नका, झुरळं खातात. विनोद नाही, सकाळी स्मिअरच्या कडेला कुरतडलेले पांढरे पट्टे मिळतात.

शेवटी पक्षी, कारण संक्रांत आली की मांज्यात अडकलेली कबुतरं, घारी, कावळे परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलपासून ते छोट्या रेस्क्यूवाल्यांपर्यंत सगळीकडे येतात आणि त्यांच्या स्लाइडचे फोटो माझ्याकडे. पक्ष्यांच्या लाल पेशीतच न्यूक्लियस असतो, लांबट अंडाकृती पेशी, मध्ये लांबट गडद न्यूक्लियस, त्यामुळे मशीन पूर्ण बाद, सगळं हाताने. प्लेटलेटच्या जागी थ्रॉम्बोसाइट, त्यालाही न्यूक्लियस, आणि तो लहान लिम्फोसारखा दिसतो, फरक एवढाच की त्याचं सायटोप्लाझम जवळपास रंगहीन असतं आणि दोनतीन एकत्र चिकटलेले सापडतात. न्यूट्रोफिलच्या जागी हेटेरोफिल, गुलाबी-विटकरी लांबट दाण्यांचा, ज्याला माणसांच्या लॅबवाले छातीठोकपणे इओसिनोफिल म्हणतात. सशातही हेटेरोफिलच असतो, त्यामुळे घरच्या सशाचा रिपोर्ट इओसिनोफिल ७० टक्के असा आला तर तो सशाचा दोष नाही.

कबुतराच्या रक्तात हिमोप्रोटिअस तर इतका कॉमन आहे की मी नवीन मुलांना शिकवायला कबुतराचीच स्लाइड घेते. लाल पेशीच्या न्यूक्लियसला कुशीत घेऊन वळलेला लांब परजीवी, न्यूक्लियस फारसा न ढकलता दोन्ही टोकांनी त्याला वेढा घालणारा, अंगावर सोनेरी-तपकिरी रंगाचे कण. पिसांत लपणारी एक चपटी माशी तो पसरवते. बहुतेक कबुतरांना त्याने विशेष काही होत नाही, पंख कापलेल्या कबुतराला दिसला म्हणून त्याच्यावर लगेच मलेरियाच्या गोळ्या सुरू करायची गरज नसते, पंखाचं बघा आधी.

कावळ्यांचं मात्र वेगळं. कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांचं रक्त ईडीटीएत फुटतं, ट्यूबमध्ये नुसतं लाल पाणी राहतं. मग रक्त गोठू नये म्हणून त्याऐवजी हेपरिन वापरा म्हणावं तर हेपरिनमुळे स्लाइडला निळसर झाक येते आणि पांढऱ्या पेशी रंग नीट घेत नाहीत, म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यावर इलाज एकच, कावळ्याचं काही पाठवणार असाल तर सुईच्या टोकावरच्या ताज्या थेंबाची स्लाइड जागच्या जागी करा, कशातही न मिसळता, पातळ, आणि स्लाइडच्या खरखरीत टोकावर पक्ष्याचं नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा. मार्करने नको, मिथेनॉलमध्ये तो धुऊन जातो आणि मग मला परत फोन करून विचारावं लागतं की ही कुणाची.